पदकाची कड आधी वाचा : पलटणीत गेलेल्या माणसाचा शोध

आमच्या मंडळाच्या बैठकीला आठ-दहाच माणसं असतात, पण "आमचे आजोबा मिलिटरीत होते, त्यांचं काही मिळेल का?" असं विचारणारं कुणी ना कुणी दर महिन्याला येतंच. बेळगाव, खानापूर, चंदगड हा सगळा पलटणीत भरती होणारा मुलूख. घरात एक फोटो, एखादं पदक आणि एक गोष्ट असते. गोष्टीत बहुतेक वेळा बसरा असतं, साहेबाचा जीव वाचवलेला असतो. ती खोटीच असते असं नाही. पण कागद शोधायला तिचा उपयोग थोडा, आणि नुकसान कधीकधी मोठं. ते मी एकदा स्वतःच करून बसलो, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका आक्का आमच्याकडे आल्या. त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. वारल्याची तारीख घरात कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येलाच वाढतात. "तारीख गावली तर तिथीला करू की," एवढंच त्यांचं मागणं होतं. नाव आणि 'मराठा पलटण', एवढंच त्यांना सांगता आलं. पदक आहे, पण धाकट्या दिराच्या कपाटात, म्हणाल्या.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या नोंदी फुकट शोधता येतात. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरलेला आहे. मी नाव टाकलं आणि पाच मिनिटांत माणूस सापडला. ११७ वी मराठा पलटण, नोव्हेंबर १९१५, म्हणजे बगदादच्या अलीकडची टेसिफॉनची लढाई, स्मारक बसरा. मी लगेच फोन केला. जुन्या पंचांगावरून तिथीही काढून दिली. त्या वर्षी त्यांनी तिथीला श्राद्ध घातलं.

मग दिवाळीत दीर भेटले आणि पदक हातात आलं. ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं. (ही पदकं फार उरलेली नाहीत. चांदी म्हणून कितीतरी आटवली गेली.) सगळे जण पदकावरचा राजाचा मुखवटा बघतात, पण वाचायची असते ती त्याची कड. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर तीच माहिती मागच्या बाजूला असते. दुसऱ्या महायुद्धाच्या, हिंदी सैनिकांना मिळालेल्या पदकांवरही बऱ्याचदा असते. भिंग घेऊन तिरप्या उजेडात बघावं. चिंच किंवा पावडर लावून घासू नये, अक्षरं पुसट होतात.

या पदकाच्या कडेवर ११७ नव्हतं, ११० होतं. नंबरही वेगळा. मी शोधलेल्या नोंदीकडे पुन्हा गेलो तेव्हा लक्षात आलं, की खाली बापाचं नाव आणि गाव दिलेलं होतं. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. ते मी पहिल्यांदा वाचलंच नव्हतं. आक्कांच्या घरी वर्षभर कुणा भलत्याच घरच्या मुलाच्या तिथीला पान वाढलं गेलं, ते माझ्या घाईपायी.

तेव्हापासून आम्ही नाव सर्वांत शेवटी जुळवतो. मराठा पलटणींत एकाच नावाचे अनेक शिपाई असायचे, आणि इंग्रजीत लिहिणारा कारकून कानाला येईल ते लिहायचा. जाधवचं जाधाव, शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार अशी रूपं सर्रास. आधी पलटण, मग नंबर, मग बापाचं नाव आणि गाव. यातल्या तीन गोष्टी जुळल्या तरच आम्ही 'सापडला' म्हणतो. नुसत्या नंबरवरही विसंबू नये. त्या काळी प्रत्येक पलटणीची नंबरांची वही वेगळी असायची, त्यामुळे एकच नंबर दोन पलटणींत दोघांचा असू शकतो.

पलटणीचा आकडा वाचताना आणखी एक गोंधळ होतो. १९२२ साली सगळ्या पलटणींची फेररचना झाली आणि जुने आकडे गेले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिली ते पाचवी बटालियन झाल्या. ११४ वी झाली प्रशिक्षणाची दहावी, तेच आपलं बेळगावचं मराठा सेंटर. म्हणजे पदकावर ११० असेल तर माणूस १९२२ पूर्वीचा, आणि घरातल्या कागदावर '३/५' असं असेल तर तीच पलटण, पण काळ नंतरचा. काही घरांत हे दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या नोकऱ्या समजतात.

आणि 'बेळगावात ट्रेनिंग झालं' म्हणजे मराठाच, असंही नाही. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावातच उभी राहिली. आज तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे, तेव्हा त्या घरांनी चौकशी तिकडे करायची. संस्थानी फौजांचंही तसंच. कोल्हापूर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद यांच्या स्वतःच्या पलटणी होत्या, त्यांतल्या काही स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात आल्या. आजोबा संस्थानच्या नोकरीत असतील तर शोध त्या संस्थानच्या दफ्तरातून सुरू करावा.

जे परत आले, त्यांच्यासाठी वॉर ग्रेव्हजची यादी कामाची नाही. तिथे घरच शोधावं लागतं. डिस्चार्ज बुक मिळालं तर निम्मं काम झालं. त्यात नंबर, भरतीची आणि सुटकेची तारीख, बापाचं नाव, गाव आणि अंगावरच्या खुणासुद्धा असतात. पेन्शन ऑर्डर, जुनं पासबुक, पोस्टाच्या पावत्या, फोटोच्या मागे लिहिलेलं, काहीही टाकू नका. मग ज्या रेजिमेंटचा माणूस, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरासह पत्र लिहावं. सोबत आपलं नातं दाखवणारा कागद जोडावा. मात्र पेन्शन नसलेल्या सैनिकांची सेवा-कागदपत्रं साधारण २५ वर्षं ठेवून नष्ट करण्याचा नियम आहे. युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या हजारोंना पेन्शन नव्हती. "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर माणूस सैन्यात नव्हताच, असा अर्थ काढू नये.

आता आक्कांच्या आजोबांकडे. ११० वी पलटण आणि पदकावरचा नंबर घेऊन पुन्हा शोधलं, तेव्हा एक नोंद मिळाली. आडनाव वेगळ्याच स्पेलिंगने, पण बापाचं नाव बरोबर, तालुकाही बरोबर. तारीख १९१६ च्या पावसाळ्यानंतरची. ११० वी पलटण कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले कितीतरी वाटेत आणि छावण्यांत मेले. अशा माणसांची खबर फार उशिरा, दुसऱ्या कैद्यांकडून यायची, त्यामुळे कागदावरची तारीख मरणाचीच असेल याची खात्री देता येत नाही.

हे सगळं मी आक्कांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, आधीच्या चुकीसकट. त्या रागावल्या नाहीत. जरा वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, "त्या रत्नागिरीच्या पोराच्या घरात कुणी हाय का?" मला माहीत नव्हतं. "मग सर्वपित्रीला एक पान त्याचंबी वाढतो," म्हणाल्या. "आमच्या आजोबांचं आम्ही अवसेलाच करू. तारीख नक्की नाही म्हणतासा नव्हं?"

गावच्या फलकावर आजोबांचं नाव आता नंबर आणि ११० वी मराठा पलटण यांसह लागलंय. मृत्यूच्या रकान्यात '१९१६, कैदेत' एवढंच लिहिलं आहे.