सहा नंबरचा कप्तान

मधल्या सुट्टीत फुटबॉलचे संघ पाडताना एक गंमत हमखास होते. ‘मी फॉरवर्ड, मी फॉरवर्ड’ म्हणत सगळे पुढे, आणि मागे बचावाला कोण थांबणार म्हटलं की माना खाली! इटलीच्या फ्रँको बारेसीने हेच बिनकौतुकाचं काम वीस मोसम केलं, आणि असं केलं की भलेभले फॉरवर्ड त्याला वचकून असत.

फ्रँकोचा जन्म ८ मे १९६० चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहराजवळच्या त्रावाल्यातो गावचा. कुमारवयातच आईवडील दोघेही गेले. थोरला भाऊ ज्युसेप्पे मिलान शहरातल्या इंटर क्लबात होता. फ्रँकोही तिथे चाचणी द्यायला गेला. पण पोरगा अंगाने अगदीच किरकोळ, इंटरवाल्यांनी नाकारलं! मग त्याच शहरातल्या ए. सी. मिलानने त्याला घेतलं. तिथे त्याचं नाव पडलं ‘पिशिनिन’, म्हणजे छोटू. पुढे ज्युसेप्पे इंटरचा कप्तान झाला आणि छोटू मिलानचा!

१९७८ मध्ये, सतराव्या वर्षी तो मिलानकडून पहिला सामना खेळला. पण १९८० मध्ये सामने ‘ठरवण्याच्या’ प्रकरणात क्लबाची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. वर आला, तर १९८२ मध्ये पुन्हा घसरला. दुसरा कुणी असता तर केव्हाच दुसरा क्लब धरला असता. बारेसी राहिला, आणि बाविसाव्या वर्षी कप्तान झाला.

उंची जेमतेम पावणेसहा फूट. मग एवढ्या धिप्पाड गड्यांना अडवायचा कसा? डोक्याने! समजा, पास निघाला त्या क्षणी फॉरवर्डच्या पुढे फक्त गोलकीपर उरला असेल, तर तो ऑफसाईड. १९८७ मध्ये आलेले प्रशिक्षक सॅकी यांनी हाच सापळा घोटून घेतला. बारेसीचा इशारा झाला की चौघे बचावपटू एकदम पुढे सरकत, आणि फॉरवर्ड बिचारा मागे अडकलेला. तोवर बारेसीचा हात वर! मिलानने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत होता. २३ जूनला नॉर्वेशी खेळताना बारेसीच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. शस्त्रक्रिया झाली. स्पर्धा संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण इटली अंतिम फेरीत पोचली, आणि १७ जुलैला, अवघ्या चोवीस दिवसांनी, चौतीस वर्षांचा कप्तान पुन्हा मैदानात! पासाडेनाचं रणरणतं ऊन, समोर ब्राझीलचे रोमारिओ आणि बेबेटो. जादा वेळ धरून १२० मिनिटं झाली, तरी दोघांना गोल करता आला नाही. उजव्या बाजूने, डाव्या बाजूने, कुठूनही या, वाटेत बारेसी आहेच.

मग पेनल्टी. इटलीची पहिली किक त्यानेच घेतली. पायांत गोळे आलेले. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला! नंतर मासारोची किक अडवली गेली, शेवटी रॉबर्टो बॅजियोचीही वरून गेली, आणि इटली ३-२ ने हरली. लोकांच्या लक्षात राहिला तो बॅजियोच. बारेसी मात्र मैदानावर ढसाढसा रडला. मला विचाराल तर त्या दिवशी त्याच्याइतकं चांगलं कुणीच खेळलं नव्हतं.

मिलानकडून ७१९ सामने खेळून १९९७ मध्ये तो निवृत्त झाला. क्लबाने त्याचा सहा नंबरचा शर्ट त्याच्यापाठोपाठ कायमचा बाजूला ठेवला. मिलानच्या संघात पाच नंबरनंतर एकदम सात येतो.