‘मी’ म्हणजे कोण? : मोठेपणी भाषा शिकताना

हिब्रू शिकू लागलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती दारातच होते. दारावर टकटक झाली की आतला माणूस विचारतो, “मी?” हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. बाहेर उभा असलेला मराठी माणूस प्रामाणिकपणे उत्तर देतो, “मी!” आतून पुन्हा तोच प्रश्न, बाहेरून पुन्हा तेच उत्तर. खरे म्हणजे त्याने ‘आनी’ म्हणायला हवे, कारण हिब्रूत ‘आनी’ म्हणजे मी. पण मराठी कानाला ‘आनी’ हा शब्द ‘आणि’सारखा लागतो आणि वाक्य अजून अर्धेच राहिले आहे असे वाटते.

हा किस्सा हसण्यासाठी सांगतात, पण मोठेपणी भाषा शिकणाऱ्याची अडचण त्यात नेमकी दिसते. लहान मुलाच्या डोक्यात शब्दाची जागा रिकामी असते. मोठ्या माणसाच्या डोक्यात त्या जागेवर दुसरा शब्द आधीच बसलेला असतो, आणि तो सहजासहजी उठत नाही.

बाकावर बसलेली मोठी माणसे

इस्राएल देश १९४८ साली स्थापन झाला आणि जगभरातून माणसे येऊ लागली. कोणी पोलंडचा, कोणी इराकचा, कोणी मोरोक्कोचा. या सर्वांना एका वर्गात बसवायचे तर समजावून सांगायला समान भाषाच नव्हती. १९४९ साली जेरुसलेममध्ये ‘उल्पान एत्सियोन’ सुरू झाला. प्रौढांना हिब्रू शिकवणारा हा पहिला उल्पान. पद्धत अशी की हिब्रू हिब्रूतूनच शिकवायची. बाई पुस्तक उचलून दाखवीत आणि म्हणत, “सेफेर.” वर्ग म्हणे, “सेफेर.” पुढे हीच पद्धत गावोगावच्या उल्पानांत रूढ झाली. हा अभ्यासक्रम साधारण पाच महिन्यांचा असतो.

मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबाग या भागांतून आलेले बेने इस्राएलही बेएर शेवा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावी अशाच बाकांवर बसले. त्यांत रेल्वेत, गोदीत, टपाल खात्यात, इस्पितळात वर्षानुवर्षे नोकरी केलेली माणसे होती. ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करीत, त्यांना आता “हे टेबल आहे” एवढे म्हणायला दहा वेळा घोकावे लागे. सर्वांना पाच महिने सलग बसताही आले नाही. घर चालवायचे तर कामावर जाणे भाग होते. पुष्कळ बायका हिब्रू शिकल्या त्या कारखान्यात, दवाखान्याच्या रांगेत आणि भाजीबाजारात.

आपल्या लोकांना एक सोय होती. सिनेगॉगमध्ये तेफिला वाचण्यापुरती हिब्रू अक्षरे अनेकांना लहानपणापासून येत होती. पण प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरांच्या खुणा असतात, वर्तमानपत्रात त्या नसतात. मराठीतून काना, मात्रा, वेलांटी काढून टाकली तर काय होईल? ‘प’ आणि ‘ण’ एवढी दोनच अक्षरे समोर आली तर ते पाणी, पण की पेण, हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावे लागेल. हिब्रूत प्रत्येक ओळ अशी वाचायची असते. म्हणून तेफिला भरभर वाचणारा माणूसही वर्तमानपत्रापुढे अडखळतो.

लहान मुले खरोखर लवकर शिकतात का?

“आता या वयात काय शिकणार?” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. एरिक लेनेबर्ग या अभ्यासकाने १९६७ साली मांडले की भाषा सहज आत्मसात करण्याचा काळ वयात येईपर्यंतच असतो. त्यानंतर बरेच संशोधन झाले. १९७८ साली कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागेल-हॉले यांनी हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांची डच भाषेतील प्रगती तपासली. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत पुढे होती बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि मोठी माणसे. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती.

याचा अर्थ वय आडवे येत नाही असा नव्हे. लहान मूल पुढे बराच काळ ती भाषा बोलत राहते, आणि शेवटी उच्चारात मोठ्यांना मागे टाकते. मोठ्या माणसाच्या बोलीत मूळ गावाचा हेल बहुधा राहतोच. पण व्याकरणाचा नियम समजून घेणे, एका शब्दावरून दुसरा ताडणे, ही कामे मोठ्या माणसाला अधिक चांगली जमतात. त्याला एक भाषा आधीच येत असते. ती काही वेळा अडवते, तशीच अनेक वेळा हातही देते.

मराठीची शिदोरी

हिब्रूत पुरुष म्हणतो ‘आनी होलेख’ आणि स्त्री म्हणते ‘आनी होलेखेत’. इंग्रजी बोलणारा येथे गोंधळतो. मराठी माणसाला यात नवल काहीच नाही, कारण तो ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ म्हणतच वाढलेला असतो.

आकड्यांचे तसेच. हिब्रूत तीन मुलगे म्हणजे ‘श्लोशा बानीम’ आणि तीन मुली म्हणजे ‘शालोश बानोत’. आकड्यालाही लिंग असते हे ऐकून अनेक देशांचे विद्यार्थी कपाळाला हात लावतात. मराठीत तिघे आणि तिघी, चौघे आणि चौघी आहेतच. फक्त हिब्रूत खोच अशी की आकाराने शेवट होणारा ‘श्लोशा’ मुलग्यांसाठी आहे, मुलींसाठी नाही. एवढे लक्षात ठेवले की झाले.

उच्चारातही थोडी सोय आहे. हिब्रूतील ‘त्सादी’ हे अक्षर अनेकांना जड जाते. मराठी माणसाच्या तोंडात तो उच्चार जवळजवळ तयार असतो: ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतला च. मात्र ‘खेत’ आणि ‘खाफ’ या अक्षरांचा घशातला उच्चार आपल्या ‘ख’पेक्षा वेगळा आहे. तो ऐकून ऐकूनच साधतो.

सर्वांत मोठी किल्ली म्हणजे धातू. हिब्रू शब्द बहुधा तीन अक्षरांच्या मुळापासून फुटतात. ल, म, द ही तीन अक्षरे घ्या. ‘लामद’ म्हणजे शिकला, ‘लिमेद’ म्हणजे शिकवले, ‘तलमीद’ म्हणजे विद्यार्थी, आणि ‘तलमूद’ हा शब्दही त्याच घरातला. मराठीत शिकणे, शिकवणे, शिकवणी हे शब्द असेच एका मुळाचे आहेत. एक धातू कळला की पाचसहा शब्द एकदम हाती लागतात.

मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट तशी जुनीच आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ साली मुंबईत छापले गेले. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांतली हगादा निघाली. एका भाषेचा हात धरून दुसरीकडे जाणे आपल्या पणजोबांनाही ठाऊक होते.

खरी अडचण शरमेची

व्याकरण आणि उच्चार यांपेक्षा मोठ्या माणसाला अडवते ती शरम. हिब्रूत छत्री म्हणजे ‘मित्रिया’ आणि अळंबी म्हणजे ‘पित्रिया’. पावसात दुकानात जाऊन अळंबी मागितली की दुकानदार हसणारच. मूल अशा वेळी स्वतःही हसते आणि पुढे जाते. पन्नाशीचा माणूस घरी येऊन ठरवतो की उद्यापासून बायकोला नाहीतर मुलाला दुकानात पाठवायचे. त्या दिवसापासून त्याची भाषा वाढायची थांबते.

आदराचाही प्रश्न असतो. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला गुरुजींना आणि बाईंना ‘तुम्ही’ म्हणायचे एवढेच माहीत. हिब्रूत शिक्षकालाही ‘अता’ आणि शिक्षिकेलाही ‘अत’, म्हणजे सरळ ‘तू’, आणि वर नावाने हाक. कित्येकांची जीभ येथे अडते. दुसऱ्या बाजूने, तरुण कारकून आपल्याला ‘अता’ म्हणाला की अपमान झाल्यासारखे वाटते. त्याच्या भाषेत दुसरा शब्दच नाही, हे कळायला वेळ लागतो.

यावर उपाय एकच, बोलत राहणे. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. आजची बोलीभाषा हिब्रूही अशाच धीराने उभी राहिली. एलिएझर बेन येहुदा १८८१ साली या देशात आले आणि १८८२ साली जन्मलेल्या आपल्या मुलाला त्यांनी केवळ हिब्रूत वाढवले. तेव्हा घरात हिब्रू बोलणारी पहिली पिढी मोठेपणीच ती बोलायला शिकलेली होती. शब्दकोशासाठीसुद्धा चालता शब्द नव्हता; ‘मिलोन’ हा शब्द बेन येहुदांनी तयार केला. त्या पिढीच्या बोलण्यात ज्याच्या त्याच्या गावचा हेल होता, तरी भाषा उभी राहिली.

या कष्टांचे फळ काय? मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी स्वतः वाचता येते. डॉक्टरांना दुखणे सांगायला शेजारणीला सोबत न्यावे लागत नाही. आणि आपल्या लोकांना आणखी एक फळ मिळाले. शब्बाथच्या रात्री वर्षानुवर्षे कानावर पडलेले ‘यायिन’ आणि ‘लेहेम’ हे शब्द बाजारात द्राक्षारस आणि पाव मागताना तोंडात आले. पाठ असलेल्या प्रार्थनेचा अर्थ एकेका शब्दाने उलगडू लागला.

आता पाळी नातवंडांची

आज मराठीच्या वर्गात वीस-तीस वर्षांची मुले-मुली येतात. सैन्यातली सेवा झालेली, नोकरीला लागलेली. त्यांची जन्मभाषा हिब्रू. जी अडचण आजोबांची होती तीच आता उलट्या बाजूने त्यांच्यापुढे उभी आहे. हिब्रूत ‘ट’ आणि ‘त’ असा भेद नाही. म्हणून आजी “वात लाव” म्हणते आणि नात “वाट” शोधत बसते. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘पाट’ आणि ‘पाठ’ त्यांच्या कानाला एकच वाटतात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचे तर मोठेच कोडे. आजीला ‘तू’ चालते, आजोबांना ‘तुम्ही’ लागते, याचा नियम कोणत्या पुस्तकात पाहायचा?

येथे वडीलधाऱ्यांची जबाबदारी येते. नातू अडखळला की घरचे आधी हसतात आणि मग सोयीसाठी हिब्रूत बोलू लागतात. हेतू प्रेमाचा असतो, पण परिणाम वाईट होतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आजोबांच्या मोडक्या हिब्रूला कोणी घाईने इंग्रजीत उत्तर दिले, तेव्हा त्यांना काय वाटले होते ते आठवावे. नातवाला वाक्य पुरे करायला अर्धा मिनिट लागला तर थांबावे.

तरुणांनीही ध्यानात घ्यावे की ही भाषा शिकून मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. ‘तिशा बे आव’ सर्वांना माहीत आहे. आजी त्याला ‘बिरड्याचा सण’ का म्हणते, हे भिजवून मोड आणलेले वाल पाहिल्याशिवाय कळत नाही. पेणकर, रोहेकर, नवगावकर या आडनावांतला ‘कर’ समजला की आडनावात गावाचा पत्ता सापडतो. आणि आजीने तिच्या आईविषयी सांगितलेल्या गोष्टी आजीच्याच शब्दांत ऐकता येतात. या शिक्षणाला मुदत आहे. पुस्तके वाट पाहतील, आजी-आजोबा किती काळ पाहू शकतील?

घरी करून पाहावे

१. रोज पंधरा मिनिटे मराठीसाठी ठेवावी. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजचे थोडे अधिक टिकते. आज शिकलेला शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणावा.

२. आठवड्यातले एक जेवण केवळ मराठीत व्हावे. शब्द अडला तर बोट दाखवावे, हिब्रूत सांगू नये.

३. वडीलधाऱ्यांनी चूक लगेच सुधारू नये. वाक्य पुरे होऊ द्यावे आणि मग बरोबर वाक्य सहज बोलून दाखवावे.

४. आजी किंवा आजोबांना एक प्रश्न विचारावा: “तुम्ही हिब्रूतले पहिले वाक्य कोणाशी बोललात?” उत्तर मराठीत ऐकावे, पाच ओळींत लिहावे आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवावे.