मध्यम एसयूव्ही : घराची गाडी, दुकानाची नव्हे

गेल्या काही वर्षांत यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी येथील बाजारपेठांत एक बदल सहज नजरेस पडतो. ज्या दुकानांसमोर पूर्वी मोटारसायकल किंवा फार तर मारुती व्हॅन उभी असे, तेथे आता क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा अशा उंच मोटारी दिसू लागल्या आहेत. कापड, किराणा, हार्डवेअर, फर्निचर अशा सर्व धंद्यांतील मंडळी एकमेकांना विचारत असतात की, आपणही एक घ्यावी काय? प्रश्न पंधरा लाखांचा आहे. आपल्या जिल्ह्यातील मध्यम दुकानात लग्नसराईचा सगळा माल तेवढ्याच रकमेत भरता येतो. तेव्हा शोरूमच्या पत्रकाऐवजी आपल्या वहीतून हा हिशेब पाहणे बरे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते समजून घेऊ. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ ही जीपच्या घराण्यातील गाडी आहे. खाली पोलादी चासी आणि तिच्यावर बसविलेला सांगाडा, अशी तिची रचना असते. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा, होंडा एलिव्हेट या गाड्यांना वेगळी चासी नसते. साध्या मोटारीप्रमाणे संपूर्ण सांगाडा एकसंध असतो, फक्त तो उंच केलेला असतो. इंग्रजीत यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. भारतात या आकाराला खरी चालना मिळाली ती २०१२ साली आलेल्या रेनो डस्टरमुळे, आणि २०१५ साली क्रेटा आल्यावर तो घरोघरी पोहोचला. एकसंध सांगाड्यामुळे गाडी हलकी राहते, वळणावर कमी झुकते, मागच्या माणसाला धक्के कमी बसतात. उलट रोज ओझे वाहण्याचे आणि शेताच्या वाटेने आदळआपट सोसण्याचे काम चासीच्या गाडीइतके तिच्याकडून वर्षानुवर्षे होत नाही. नावात ‘स्पोर्ट्स’ आणि ‘युटिलिटी’ असे दोन्ही शब्द असले तरी तिचा स्वभाव घरगुती मोटारीचाच आहे.

आता कराकडे येऊ, कारण व्यापाऱ्याच्या दृष्टीने मुख्य मुद्दा येथेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील जीएसटी बदलला आणि मोठ्या गाड्या स्वस्त झाल्याची चर्चा सर्वत्र झाली. ती खोटी नाही. चार मीटरहून लांब आणि दीड लिटरच्या आतील इंजिनाच्या या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर असे ४५ टक्के लागत, ते आता ४० झाले. परंतु चार मीटरच्या आतील लहान गाड्यांवर पूर्वी पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के होते, तेथे आता दोहोंना १८ टक्के आहेत. म्हणजे पेट्रोल गाड्यांत लहान आणि मध्यम यांच्यातील अंतर १६ टक्क्यांचे होते, ते २२ टक्क्यांचे झाले. मध्यम गाडी पूर्वीपेक्षा स्वस्त झाली खरी, पण लहान गाडीच्या मानाने ती आज अधिक महाग आहे. ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगणार नाही.

लहान गाडी ठरते तीन मापांनी. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत किंवा डिझेल १५०० सी.सी.पर्यंत. यात गंमत अशी की, मारुती ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत असूनही तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सी.सी.चे असल्याने तिच्यावर ४० टक्के लागतात, आणि दणकट दिसणारी डिझेल बोलेरो दोन्ही मापांत बसते म्हणून तिला १८ टक्के. टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट यासुद्धा १८ टक्क्यांच्या बाजूला आहेत.

पंधरा लाखांच्या मध्यम गाडीचे उदाहरण घ्या. त्यात गाडीची मूळ किंमत १० लाख ७१ हजार आणि जीएसटी ४ लाख २९ हजार. त्यावर राज्याचा मोटार वाहन कर, जो दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के आहे. म्हणजे आणखी पावणेदोन-दोन लाख. कंपनीच्या नावावर गाडी नोंदविल्यास हाच कर २० टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का आयकर आगाऊ कापून घेतो. तो विवरणपत्रात वळता होतो, फक्त आपल्या कर सल्लागाराला आठवणीने सांगितले पाहिजे.

आता पुष्कळांचा समज असा की, गाडी दुकानाच्या खात्यावर घेतली म्हणजे सव्वाचार लाखांचा जीएसटी परत मिळतो. तसे नाही. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट कायद्याने बंद केलेले आहे. मोटारींचा विक्रेता, प्रवासी वाहतूकदार आणि ड्रायव्हिंग स्कूल एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. कापड दुकानदार, सुतार, वेल्डिंगवाला, गादी कारखानदार यांना ते मिळणार नाही. आयकरात घसारा मिळतो, वर्षाला १५ टक्के, आणि तोही धंद्यासाठी जेवढा वापर तेवढ्याच प्रमाणात. जे लोक उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून कर भरतात त्यांना घसाऱ्याचा वेगळा लाभ होत नाही, कारण तो त्या टक्क्यांत धरलेलाच असतो. आपल्या बाजारात असे लोक बरेच आहेत.

याउलट मालवाहू गाडीचे पाहा. ‘छोटा हत्ती’ म्हणून सर्वांना ठाऊक असलेली टाटा एस २००५ साली आली, आणि तेव्हापासून ताके, फर्निचर, पोती, लोखंड सर्व काही तिने वाहिले. मालवाहू गाड्यांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ वर आला आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिटही मिळते. कंपोझिशनमधील दुकानदाराला ते नाही. कापडवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे की, आपली विक्री बहुतांशी ५ टक्क्यांची असल्याने हे क्रेडिट हळूहळू फिटते, आणि भांडवली वस्तूवरील क्रेडिटचा रोख परतावा मागता येत नाही. तरी पैसा आपल्याच खात्यात राहतो. कायद्यानेच एक गाडी घराची आणि एक धंद्याची असा फरक केलेला आहे, आणि आम्हाला वाटते खरेदी करतानाही तोच फरक डोळ्यांसमोर असावा.

मग मध्यम एसयूव्हीत माल अजिबात नेता येत नाही काय? थोडाफार येतो. क्रेटाची डिकी ४३३ लिटर आणि एलिव्हेटची ४५८ लिटर आहे. नागपूरच्या गांधीबागेतून नमुन्याचे चार गठ्ठे आणायचे असतील तर मागची सीट पाडून ते बसतात. पण पूर्ण गाठ बसत नाही, आणि घरची माणसे सोबत असतील तर गठ्ठेही बसत नाहीत. ग्रँड व्हिटाराच्या मोठ्या बॅटरीच्या हायब्रिड प्रकारात बॅटरी मागे असल्याने डिकी ३७३ वरून २६५ लिटर होते. सीएनजी घेतल्यास डिकी टाकीनेच भरते. कारमध्ये माल आहे म्हणून ई-वे बिल माफ होते, ही समजूतही चुकीची आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरील आणि परराज्यातून पन्नास हजारांवरील मालाला ते लागतेच. आदिलाबाद किंवा सुरतहून येणाऱ्यांनी हे विसरू नये.

माणसांचा हिशेब त्याहून सोपा आहे. ही पाच जणांची गाडी आहे. मागे तीन मोठी माणसे दीडशे किलोमीटर नागपूरपर्यंत बरी बसतात. आईवडील, नवरा-बायको आणि तीन मुले असे सात जणांचे कुटुंब असेल तर एर्टिगा किंवा कॅरेन्स पाहावी, त्यांची लांबीही मध्यम एसयूव्हीच्या जवळपासच आहे. वृद्धांसाठी मात्र उंच सीट मोठी सोयीची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सेडानमध्ये खाली उतरून बसावे लागते आणि बोलेरोत वर चढावे लागते. येथे तो सरळ आत सरकतो. आमच्या मते या गाडीचा सर्वांत मोठा गुण हाच, आणि जाहिरातीत तो सर्वांत कमी सांगितला जातो. दुसरा गुण सुरक्षिततेचा. या वर्गात सहा एअरबॅग सर्रास मिळतात, बोलेरोसारख्या जुन्या घाटणीच्या गाडीत दोनच. २०२३ साली सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीचे तारांकन विक्रेत्याला विचारावे, आणि ते नेमके त्याच मॉडेलचे आहे ना, हेही.

रस्त्यांचे काय? आपल्या जिल्ह्यात यवतमाळला आजवर रस्त्याचाच आधार राहिला. शकुंतला बंद पडून वर्षे झाली, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जातो आणि नागपूर-हैदराबाद रस्ता पांढरकवड्यावरून. या रस्त्यांवर ही गाडी उत्तम. पुढे धामणगावकडून समृद्धी महामार्गाला लागणाऱ्यांनी टायरचे वय आणि हवा आधी तपासावी, ताशी १२० च्या वेगात तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर दगा देतो.

महामार्ग सोडला की काळी माती. जमिनीपासूनची उंची एलिव्हेटची २२० मिलिमीटर, ग्रँड व्हिटाराची २१० आणि क्रेटाची १९०. गतिरोधक आणि खड्डे यांना ती पुरते. परंतु यांतील बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर पुढची चाके फिरत राहिली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. महागड्या प्रकारांतील मोठी अलॉय चाके आणि त्यावरचे पातळ टायर खड्ड्यात फुटतात. खालच्या प्रकारातील १६ इंची चाक आणि जाड टायर आपल्याकडे अधिक टिकतात, आणि पैसेही वाचतात. उंच गाडी म्हणून पुरात घालू नये. २०२१ च्या सप्टेंबरात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात एसटीची बस वाहून गेली आणि माणसे दगावली. बसपुढे आपली गाडी ती काय! पाणी इंजिनात शिरून गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नये, इंजिन मोडते. साध्या विम्यात ते नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

इंधनाबाबत थोडक्यात. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरू, पेट्रोल गाडी लिटरला १३ आणि डिझेल १७ किलोमीटर देते असेही धरू. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणाऱ्याची डिझेलमुळे सुमारे ३३ हजारांची बचत होते. डिझेल गाडी दीड लाखाने महाग आणि तिचा वाढीव रस्ता कर, असे मिळून दोन लाख जास्त जातात. ते फिटायला सहा वर्षे. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर असतील तर तीन वर्षांत फिटतात. तेव्हा आठवडी बाजार करणाऱ्याने आणि खरेदीसाठी सतत बाहेर असणाऱ्याने डिझेल घ्यावे, दुकानात बसणाऱ्याने पेट्रोल. हायब्रिडचा लाभ गावातल्या थांबत-चालत जाण्यात जास्त आणि मोकळ्या महामार्गावर कमी असतो.

आता पैसा कसा द्यायचा. दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेणे विक्रेत्याला कायद्याने मना आहे, तेव्हा रक्कम बँकेतूनच जाईल. दहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याला सुमारे २०,७६० रुपये हप्ता येतो आणि व्याज जाते २ लाख ४५ हजार. हप्ता हलका करण्यासाठी सात वर्षे केल्यास व्याज साडेतीन लाखांवर जाते. आपल्यापैकी जे व्याजाचा व्यवहार करीत नाहीत त्यांना ‘शून्य टक्के व्याज’ असे सांगितले जाते. तेव्हा विक्रेत्याकडून रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव असे दोन्ही लेखी मागावेत. रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नसेल किंवा प्रोसेसिंग फी भरमसाट असेल तर व्याज तेथेच बसलेले आहे.

व्याज असो वा नसो, आपल्या जिल्ह्यातील अडचण वेगळीच आहे. हप्ता दर महिन्याला येतो आणि कापूस वर्षातून एकदा. दसरा-दिवाळीपासून कापूस बाजारात येतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळतो, उधारी वसूल होते. जूनपासून पेरणी, खत, फवारणी यांतच त्याचा पैसा गुंततो आणि गिऱ्हाईक कमी होते. त्या चार महिन्यांत वीस हजारांचा हप्ता दुकानाच्या भांडवलातून निघतो, आणि तो निघाला की दिवाळीच्या खरेदीत घाऊक व्यापाऱ्याकडे आपली पत कमी पडते. ज्याच्याजवळ चार-पाच हप्त्यांची रक्कम आधीच बाजूला ठेवलेली नाही त्याने या वर्षी थांबावे.

थांबायचे नसेल तर तीन-चार वर्षे वापरलेली गाडी पाहावी. पहिल्या मालकाने कराचा आणि घसरणीचा मोठा भाग सोसलेला असतो. अशी गाडी घेताना सर्व्हिसची नोंद, विम्याचे जुने दावे आणि बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसी बुकात झाली आहे का, हे तिन्ही पाहावे. मेकॅनिक मात्र आपला न्यावा, आणि गाडी शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर न फिरवता घरच्या पाचही माणसांना बसवून आपल्या नेहमीच्या गावच्या रस्त्याने फिरवून आणावी.