टपालपेटीवरची लोकर

नाताळ जवळ आला की इंग्लंडातील गावोगावी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लाल, ओतीव लोखंडाच्या टपालपेट्यांच्या माथ्यावर लोकरीच्या टोप्या चढतात, आणि त्या टोप्यांच्या घेरावर कोणी विणलेली रॉबिन पाखरे, तर कोणी येशूजन्माचा संपूर्ण देखावा मांडून ठेवलेला असतो. ईस्टरला त्या जागी पिवळी पिल्ले येतात, नोव्हेंबरात रणांगणावर पडलेल्यांच्या स्मरणार्थ तांबडी पॉपीची फुले येतात. आणि २०२३ च्या मे महिन्यात, तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा, मुकुटधारी राजाच अनेक पेट्यांवर विराजमान झाला होता. हा सारा उद्योग गावातील हौशी विणणाऱ्यांचा, आणि त्यांतही बहुधा वडीलधाऱ्या स्त्रियांचा. पत्र टाकण्याची फट व पत्रे काढण्याच्या वेळांची पाटी मोकळी ठेवली की टपालखातेही सहसा हरकत घेत नाही.

या प्रथेचा अर्वाचीन उगम अमेरिकेत सांगितला जातो. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी २००५ साली मॅग्डा सेयेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेले वेष्टन घातले, आणि पुढे मैत्रिणींसह, अर्धवट राहून कपाटात पडलेली विणकामे बाहेर काढून रस्त्यावरील खांबांना गुंडाळण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी कोपनहेगनमध्ये मारियान योर्गेन्सेन या कलावतीने इराकयुद्धाच्या निषेधार्थ दुसऱ्या महायुद्धकालीन एक रणगाडा गुलाबी लोकरीच्या हजारो चौकोनांनी झाकला. ते चौकोन देशोदेशींच्या लोकांनी विणून पाठविले होते. ज्या कौशल्याची गणना आजवर फावल्या वेळच्या विरंगुळ्यात होत आली, त्याने भर चौकात युद्धाविरुद्ध साक्ष द्यावी, याचे मोल मला फार वाटते.

नवी लोकर विकत आणून खांब सजविणे सोपे. जुना स्वेटर उसवून ते करावयाचे तर मात्र नजर जाणती लागते. प्रथम स्वेटर उलटा करून त्याची शिवण पाहावी. पुढचा-मागचा भाग मापात विणून मग जोडला असेल तर शिवणीचा दोरा निघताच ते सुटे होतात. पण विणलेले थान कापडासारखे कातरून त्याच्या कडा यंत्रावर बांधलेल्या असतील, तर उसवताना प्रत्येक ओळीच्या टोकाला धागा तुटतो आणि हाती हात-दीड हाताच्या तुकड्यांखेरीज काही येत नाही. स्वेटर योग्य निघाला म्हणजे जेथे विणकाम संपले ते टोक, बहुधा गळ्याशी, शोधून धागा ओढावा, खुर्चीच्या पाठीवर त्याची लडी घ्यावी, ती चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली थोडे वजन अडकवून वाळत टाकावी. वर्षानुवर्षे टाक्यांत मुडपून राहिलेला धागा वाळता वाळता बराचसा सरळ होतो. जुन्या टी-शर्टाची सलग पट्टी कातरून ताणली की तिच्या कडा आपोआप आत वळतात व जाड, गोल दोरा तयार होतो. उरलेल्या चिंध्या बाहुल्यांच्या पोटात भरण्यास उपयोगी पडतात.

मात्र असे काम जो उघड्यावर लावील, त्याने ते उतरविण्याची मुदतही त्याच वेळी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाने लोकर ओथंबून लोंबू लागते, कृत्रिम धागा कुजत नाही पण त्याचे बारीक तंतू गटारांत वाहून जातात, आणि झाडाला घट्ट बांधलेल्या वेष्टनाचा वाढत्या बुंध्याला काच बसतो. ऋतू सरताच उतरविलेली लोकर धुऊन पुन्हा विणता येते.

जुनी लोकर पुन्हा उपयोगात आणण्याची कल्पना नवी नाही. टपालपेट्यांना टोप्या चढविणाऱ्या याच इंग्लंडात, यॉर्कशायरमधील बॅटली गावी, १८१३ साली बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत कातण्याची युक्ती काढली. मराठी माणसाच्या मनात पानिपताचे नाव १७६१ पाशीच थांबलेले असते. परंतु परमुलुखातून आलेले टाकाऊ लोकरी कपडे रंगवार निवडून, पिंजून त्यांची ब्लँकेटे विणण्याचा तोच धंदा पानिपतात मोठ्या प्रमाणावर चालत आला आहे.

आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, लोकरीचे कपडे मात्र पुष्कळदा पेटीत कसरीच्या स्वाधीन होतात. शाळांनी व महिला मंडळांनी येत्या थंडीत ते उसवून त्यांचे एकाच मापाचे चौकोन विणावेत, त्या चौकोनांनी आपले फाटक व कुंपण सजवावे, आणि संक्रांत सरताच ते उतरवून, धुऊन, जोडून त्यांची पांघरुणे उसाच्या फडावर अजून थंडीत निजणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांना द्यावीत.