चिंचेला दोर एकेरी की दुहेरी?

बुलढाणा जिल्ह्यात बांधावरची चिंच उन्हाळ्याच्या तोंडावर उतरवतात, आणि बहुतेकदा दोराविनाच. फळ फांद्यांच्या शेंड्यांकडे लागते, त्यामुळे खोड सोडून आडवे सरकावे लागते. म्हणूनच चिंचेला दुहेरी दोर बरा, असे माझे ठाम मत आहे. दोर भक्कम फांदीवरून टाकून एक टोक हार्नेसला बांधायचे, खाली लोंबणाऱ्या पदरावर प्रुसिक गाठ मारून तीही हार्नेसला जोडायची. एक मीटर चढायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण हातांना वजन निम्मेच लागते. फांदीवरचे घर्षण तेवढे वेगळे. ताण आला की गाठ आवळते, ती हाताने खाली दाबली की सावकाश उतरता येते.

एकेरी दोराने लवकर चढता येते, हा आक्षेप रास्तच आहे. दोर स्थिर राहतो, जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावून पायांच्या जोरावर वर जाता येते, सालही सोलत नाही. उंच, सरळसोट झाडाला तोच हवा. मात्र त्याचे टोक बुंध्याला बांधले, तर ६० किलोच्या माणसाने वरच्या फांदीवर १२० किलोपर्यंत भार येतो, कारण दोन्ही पदर तिला खाली ओढतात. चिंचेचे लाकूड चिवट असते, फांदी मोडत नाही, असे कोणी म्हणेल. पण आतून पोखरलेली फांदी खालून ओळखू येत नाही. म्हणून चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून ती तपासावी.