ॲलर्जीची टेस्ट निगेटिव्ह, तरी शिंका थांबेनात? उत्तर नाकातच असू शकतं

चौल-रेवदंड्याच्या बाजूला पावसाळा काढलेल्यांना हे चित्र नवं नाही. भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास आणि घरातलं कुणीतरी एक सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंकतंय. दहा, बारा, पंधरा. मग नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात. घरचे म्हणतात, समुद्राची दमट हवा, चालायचंच. शेवटी कंटाळून तो माणूस अलिबागला नाहीतर मुंबईला जाऊन ॲलर्जीची टेस्ट करतो आणि रिपोर्ट येतो निगेटिव्ह.

म्हणजे ॲलर्जी नाहीच का? तर तसं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आधी टेस्ट नेमकं काय शोधते ते बघू. ॲलर्जीमागे आयजीई नावाची अँटीबॉडी असते. १९६० च्या दशकात अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक वेगवेगळ्या वाटांनी तिच्यापर्यंत पोचले, १९६८ मध्ये तिचं नाव पक्कं झालं. ही अँटीबॉडी शरीरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. धुळीतला किंवा परागातला तिचा ठरलेला पदार्थ आला की पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन सोडते आणि शिंका सुरू. हाताच्या कातडीवर थेंब टाकून टोचतात ती प्रिक टेस्ट आयजीई कातडीत आहे का ते बघते, रक्ताची टेस्ट ती रक्तात शोधते.

पण शिंका येतात नाकात! नाकाच्या अस्तरात आयजीई तिथल्या तिथे तयार होऊ शकते, आणि रक्तात किंवा कातडीत तिचा पत्ताही नसतो. १९७५ साली हगिन्स आणि ब्रॉस्टॉफ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशाच रुग्णांबद्दल लिहिलं होतं, ज्यांची कातडीची टेस्ट निगेटिव्ह होती पण नाकात आयजीई सापडली. त्यानंतर बरीच वर्षं या गोष्टीकडे फारसं कुणी बघितलं नाही. २००० नंतर स्पेनमधल्या मालागा शहरात कार्मेन रोंडोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषय पुन्हा उचलला. २०१२ च्या त्यांच्या पाहणीत नाकाच्या जुनाट तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी साधारण चारात एकाला ही ‘फक्त नाकातली’ ॲलर्जी निघाली. हा आकडा स्पेनचा. तो जसाच्या तसा कोकणाला लावू नका.

मग नाकातलीच आयजीई मोजायची की! मोजतातही. नाकात मिठाचं पाणी सोडून ते परत गोळा करतात, किंवा छोटा स्पंज काही मिनिटं नाकात ठेवून स्राव शोषून घेतात. अडचण अशी की पाण्याने स्राव पातळ होतो, आणि बरीचशी आयजीई पेशींना चिकटून बसलेली असल्यामुळे पाण्यात उतरतच नाही. त्यामुळे सापडली तर त्याला अर्थ आहे, पण न सापडणं हा पुरावा नव्हे. शिवाय ही तपासणी अजून मुख्यतः संशोधन केंद्रांतच होते, नेहमीच्या लॅबच्या यादीत ती नसते.

म्हणून जास्त भरवशाची मानतात ती प्रोव्होकेशन टेस्ट. संशयित पदार्थाचा अर्क नाकातच सोडायचा आणि शिंका, पाणी, नाक किती चोंदलं हे मोजायचं. हे काम डॉक्टरांसमोरच व्हायला हवं. घरी गादी झटकून प्रयोग करू नये, दम्याच्या माणसाने तर मुळीच नाही.

चौलसारख्या गावात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: टेस्टमध्ये तुमच्या आसपासच्या गोष्टी होत्या का? डस्ट माइट हे डोळ्यांना न दिसणारे किडे कापसाच्या गाद्या-उशांत राहतात, आपल्या कातडीचा कोंडा खातात आणि पाणी हवेतूनच शोषतात. किनाऱ्यावरची हवा म्हणजे त्यांची चंगळ. उष्ण प्रदेशात ‘ब्लोमिया’ नावाचा वेगळा माइटही आढळतो. वाडीतला नारळ वर्षभर फुलत असतो, आणि नारळाच्या परागांची ॲलर्जी भारतात नोंदलेली आहे. यादीत यातलं काही नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टचं कारण नाकाइतकं गूढ असायची गरजही नाही. टेस्टआधी सेटिरिझिनसारखी गोळी घेतली असेल तरी कातडीची टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारा. आणि नुसती ‘टोटल आयजीई’ करून निकाल लावू नका. ती जंतांमुळेही वाढते आणि ॲलर्जी असूनही नॉर्मल असू शकते.

अर्थात प्रत्येक शिंक म्हणजे ॲलर्जी नव्हे. चुलीचा धूर, अगरबत्ती, गार वारा यांनी आयजीईशिवायही नाक वाहतं. पण हा फरक कळला तर उपचार बदलतात. ॲलर्जी पक्की झाली तर तिच्या कारणावरची इम्युनोथेरपी करता येते, आणि मालागाच्या चाचण्यांत ती ‘फक्त नाकातल्या’ रुग्णांनाही उपयोगी ठरली. निदान न झालेले लोक मात्र नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्‌महिने टाकत राहतात. आठवड्याच्या पुढे गेलं की तेच थेंब नाक आणखी चोंदवतात.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या: शिंका कधी येतात, झाडताना, गादीवर पडल्यावर की वाडीत गेल्यावर, कोणत्या महिन्यात वाढतात, आणि गावाबाहेर राहिलात तर थांबतात का. प्रोव्होकेशन टेस्ट करायची झाली तर सुरुवात कोणत्या अर्कापासून करायची, हे या कागदावरूनच ठरतं.