इंटरनेट कंपन्यांच्या ऐकीव कथा आणि खरा हिशेब

कंपनी मोठी झाली की तिच्या जन्माची गोष्टही रंगत जाते. इंटरनेट कंपन्यांबाबत तर अशा गोष्टींचे अमाप पीक आले आहे. त्यातल्या चार तपासून पाहू.

गैरसमज : वाग्दत्त वधूला ‘पेझ’ गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून पिअर ओमिड्यार यांनी ‘ईबे’ काढली.
वस्तुस्थिती : ही गोष्ट कंपनीच्या प्रसिद्धी विभागातील मेरी लू साँग यांनी १९९७ मध्ये पत्रकारांसाठी रचली होती. ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ नावाने लिलाव सुरू केला, तेव्हा त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत १४.८३ डॉलर!

गैरसमज : सर्च इंजिन गूगलने आणले आणि त्यावरच्या जाहिरातींची कल्पनाही गूगलचीच.
वस्तुस्थिती : गूगल कंपनी १९९८ ची, ‘अल्टाव्हिस्टा’ १९९५ पासूनच चालू होते. १९९९ मध्ये गूगल साडेसात लाख डॉलरला देऊ केली गेली, तरी ‘एक्साइट’ने ती घेतली नाही. शोधशब्दांवर बोली लावायची आणि क्लिकमागे पैसे मोजायचे, ही पद्धत ‘गोटू’ कंपनीने १९९८ मध्ये रुळवली. पुढे ही कंपनी ‘ओव्हर्चर’ झाली आणि २००३ मध्ये याहूने विकत घेतली. याच पद्धतीच्या पेटंटचा वाद मिटवण्यासाठी गूगलने ऑगस्ट २००४ मध्ये याहूला २७ लाख शेअर दिले आणि त्याच महिन्यात स्वतः शेअर बाजारात उतरली.

गैरसमज : अॅमेझॉन पहिल्यापासून नफ्यात होती, म्हणूनच २००० च्या पडझडीत टिकली.
वस्तुस्थिती : मे १९९७ मध्ये शेअर बाजारात आलेल्या अॅमेझॉनने पहिला तिमाही नफा दाखवला तो २००१ च्या अखेरीस : सुमारे ५० लाख डॉलर, म्हणजे शेअरमागे एक सेंट. तोवर तिला तारले ते गंगाजळीने. फेब्रुवारी २००० मध्ये तिने रोख्यांतून ६९ कोटी युरो उभे केले. मार्चमध्ये बाजाराने उच्चांक गाठला आणि घसरण सुरू झाली. तिचीच गुंतवणूक असलेली ‘पेट्स डॉट कॉम’ फेब्रुवारीत शेअर बाजारात आली आणि नोव्हेंबरमध्ये बंद पडली.

गैरसमज : भारतात हा धंदा फ्लिपकार्टपासून सुरू झाला.
वस्तुस्थिती : फ्लिपकार्ट २००७ ची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबईत अजित बालकृष्णन यांचे ‘रेडिफ’ सुरू झाले. मुंबईच्याच राजेश जैन यांची ‘इंडियावर्ल्ड’ सत्यम इन्फोवेने १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. रेडिफ जून २००० मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली.

नव्या कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी तिची जन्मकथा जरूर ऐका. पैसे मात्र ताळेबंद वाचूनच गुंतवा.